हलका पुशरॉड घेण्याआधी

‘इंजिन जास्त फिरवायचंय? मग व्हॉल्व्ह ट्रेनमधला प्रत्येक भाग हलका करा. आणि टायटॅनियमशिवाय काही खरं नाही.’ इंजिन बांधणाऱ्यांच्या ग्रुपवर हा सल्ला फिरतच असतो.

व्हॉल्व्ह ट्रेन म्हणजे कॅमपासून व्हॉल्व्हपर्यंतची साखळी: कॅम पुशरॉड नावाचा दांडा वर ढकलतो, तो रॉकर नावाची तरफ हलवतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो मिटवते. सल्ल्यातलं खरं आधी. आरपीएम वाढला की व्हॉल्व्हच्या जडत्वाचा भार वर्गाने वाढतो. 7000 वरून 8000 ला गेलात तर साधारण 31 टक्क्यांनी. स्प्रिंगला तो झेपला नाही की व्हॉल्व्ह कॅमचा माग सोडतो आणि पिस्टनला जाऊन भेटतो.

पण ‘प्रत्येक भाग’? शेवरले कॉर्व्हेटचं 7.0 लिटरचं एलएस7 घ्या. रॉकर रेशो 1.8. पुशरॉड 1 मिमी उचलला की व्हॉल्व्ह 1.8 मिमी उघडतो. त्यामुळे व्हॉल्व्हच्या बाजूने हिशोब केला तर पुशरॉडचं वजन 1.8 च्या वर्गाने, म्हणजे 3.24 ने भागावं लागतं. पुशरॉडमधून 10 ग्रॅम काढलेत, तर स्प्रिंगला जाणवले जेमतेम 3. रिटेनरमधून (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी अडकवणारी टोपी) काढलेले 3 मात्र पुरते 3 धरले जातात. शिवाय बारीक पुशरॉड लवतो. डोळ्याला दिसत नाही, पण कॅम उचलायला लागला की तो धनुष्यासारखा ताण साठवतो, आणि कॅमच्या माथ्याजवळ तो ताण सुटला की व्हॉल्व्हला भिरकावतो. म्हणून जाड, थोडा जडच पुशरॉड टाकल्यावर इंजिन बऱ्याचदा आणखी वर, स्वच्छ फिरतं. हे ग्रुपवर सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

आता टायटॅनियम. एलएस7 च्या इनटेक व्हॉल्व्हचं डोकं जवळपास 56 मिमीचं. एवढ्या ताटलीला टायटॅनियम हवंच, कारण त्याची घनता पोलादाच्या 58 टक्क्यांच्या आसपास. एक्झॉस्टला मात्र त्याच इंजिनात सोडियम भरलेला पोलादी व्हॉल्व्ह आहे. आणि होंडा एस2000 चं 2 लिटरचं इंजिन 9000 ला जातं ते पोलादी व्हॉल्व्हवरच: सिलिंडरला चार छोटे व्हॉल्व्ह, पुशरॉड नाहीच.

टायटॅनियम घेतलंच, तर पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासायची सवय सोडा. वरचा कडक लेप गेला की व्हॉल्व्हचा काठ झिजत सीटमध्ये बसत जातो, टॅपेटचा गॅप बुजतो, व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. डर्ट बाइकवाल्यांना विचारा, किक मारून मारून पाय दुखल्यावर कळतं.

‘अॅल्युमिनियमचा रॉकर हलका’ हे तराजूवर ठीक. पण रॉकर ज्या बिंदूभोवती फिरतो, तिथून टोकाजवळचं वजन अंतराच्या वर्गाने भारी पडतं. निमुळत्या नाकाचा पोलादी रॉकर तिथे सहज बरोबरी करतो.

स्प्रिंगचाही सुमारे एक तृतीयांश भाग हलत्या वजनात धरतात. वर निमुळती होणारी बीहाइव्ह स्प्रिंग घेतली की रिटेनरही लहान होतो. माझे पैसे आधी तिथे जातात, मग व्हॉल्व्हवर. पुशरॉडला हात लावला तर जाडी वाढवायलाच.