नाटकाला निघालात? मग एवढं कराच

नाटकाचं तिकीट काढलंत, अभिनंदन. आता पहिली गोष्ट लक्षात ठेवा. तिकिटावर छापलेली वेळ नटांसाठी असते, आपल्यासाठी नाही. साडेआठचा प्रयोग म्हणजे साडेआठला घरातून निघायचं. कोणी विचारलंच तर घोडबंदर रोडचं ट्रॅफिक आहेच. त्याचं नाव घेतलं की ठाण्यात कुठलाही गुन्हा माफ होतो. तुम्ही नौपाड्यात राहात असलात, नाट्यगृहापर्यंत चालत येत असलात, तरी कोणी उलटतपासणी घेत नाही.

पोचल्यावर घाईने आत शिरू नका. तिसरी घंटा होऊ द्या, निवेदन होऊ द्या, पडदा वर जाऊ द्या, पहिला प्रवेश जरा पकड घेऊ लागला की मग या. तुमच्या खुर्च्या रांगेच्या बरोबर मध्यभागी असतील. कडेची खुर्ची असलेला माणूस उशिरा आलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. मोबाईलची बॅटरी लावा आणि ती जमिनीकडे न धरता बसलेल्यांच्या तोंडावर मारा, कदाचित कोणाच्या कपाळावर तुमच्या खुर्चीचा नंबर सापडेल. "जी चौदा... जी पंधरा... अगं इकडे ये, ती एफ आहे" असं मोकळ्या आवाजात म्हणत चला. रंगमंचावर कोणीतरी काहीतरी बोलत असेल, पण त्याला माईक आहे, तुम्हाला नाही. चौदा नंबरवर दुसरं कोणी बसलेलं असणारच. त्याला उठवा, तिकीट दाखवा, त्याचं तिकीट बघा, मग तुमचीच रांग चुकल्याचं कळेल. सगळं उभ्यानेच करा.

तान्हं मूल असल्यास जरूर आणा. गंभीर प्रवेशात ते रडलं तर बाहेर नेऊ नका, मांडीवरच मोबाईलवर बडबडगीतं लावून द्या. आवाजासकट.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभे राहा. वडा हातात येतो आणि घंटा होते, हे ठरलेलं. तो आत आणायला मनाई आहे अशी पाटी दारावर असते, म्हणून पिशवीत घालून आणायचा. खरं तर वडा हा तसा अबोल पदार्थ, त्यापेक्षा वेफर्स बरे. पाकीट झटकन फोडू नका. लोकांना त्रास होऊ नये म्हणून ते हळू, अगदी हळू, जमल्यास अख्खा प्रवेशभर उघडत राहा.

खोकला आलाच तर तो संवादासाठी राखून ठेवा. टाळ्यांमध्ये वाया घालवू नका.

आता महत्त्वाचा सल्ला. नाटक तुम्ही पूर्वी पाहिलेलं असेल, तर ते ज्ञान स्वतःपाशी ठेवू नका. जुनी नाटकं नव्या नटसंचात पुन्हा येताहेत, आणि मूळ संचातला प्रयोग दादरला शिवाजी मंदिरला पाहिलेली मंडळी आपल्या ठाण्यात मुबलक आहेत. अशांनी पुढच्या पिढीला वाऱ्यावर सोडू नये.

परवाच्या रविवारी ठाण्यातल्याच एका नाट्यगृहात मला हे मार्गदर्शन लाभलं. माझ्या बरोबर मागे एक काका होते, शेजारी काकू. पडदा वर गेला आणि काकांनी नेपथ्य तपासलं. "तेव्हा जिना उजवीकडे होता." बरं. मग पहिलं पात्र यायच्या आधी, "आता नोकर येईल." आला. "चिठ्ठी आणली असेल." आणली होती. काकू दर वेळी "हो का?" म्हणत होत्या. त्या "हो का?"मध्ये बऱ्याच वर्षांचा संसार होता, म्हणून त्यांना मी काही म्हणणार नाही. मग नायक आला. काका म्हणाले, "याच्यात ती मजा नाही." त्याने अजून तोंड उघडलं नव्हतं हो! नुसता आत आला होता, छत्री ठेवत होता. तेवढ्यात काकांनी त्याला नापास केलं.

इथपर्यंत मी मनात हसत होतो. दुसऱ्या अंकात काका संवाद म्हणू लागले. हळू आवाजात, पण नटाच्या आधी. वाक्याची पहिली तीन-चार माणिकमोती काका टाकणार आणि नट बिचारा मागून येऊन उरलेलं वेचणार. विनोदाची जागा आली की काका आधी हसायचे, म्हणजे आम्हाला कळायचं की आता विनोद होणार आहे. तो झाला की आम्हाला हसू यायचं नाही. कोण मरणार, पत्र कोणी लिहिलं, धाकटा खरा कोणाचा मुलगा, सगळं आम्हाला वेळेच्या आधी घरपोच मिळालं.

आणि मग ती जागा आली. आई झालेली नटी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे, मुलाने नको तो प्रश्न विचारलाय, आणि ती काही बोलत नाही. बोलतच नाही. अख्खं थिएटर थांबलेलं. ही अशी थांबण्याची जागा सापडायला तालमींचे दिवसच्या दिवस जातात, आणि सापडली तरी रोज हाताला लागत नाही. त्या रात्री लागली होती. काकांना ती शांतता रिकामी वाटली. त्यांनी तिचं वाक्य म्हणून टाकलं. पूर्ण. पुढच्या चार रांगांना ऐकू जाईल असं. कोणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघं हसली. तिने ऐकलं. ऐकलंच, कारण तिचा खुर्चीवरचा हात हलला. मग तिने तेच वाक्य म्हटलं, म्हणणं भागच होतं, आणि ते तिथल्या तिथे मेलं.

मी वळून म्हटलं, "काका, जरा..." उत्तर तयार होतं. "तिकीट आम्हीपण काढलंय." त्यावर आणखी, "तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हापासून नाटकं बघतोय. पूर्वी लोक वन्समोअर घ्यायचे, वन्समोअर!"

घ्यायचे ना. गाणं संपल्यावर घ्यायचे. नटाने तान अर्धी घेतली असताना तिसऱ्या रांगेतला माणूस उरलेली अर्धी स्वतः मारत नव्हता. वन्समोअर म्हणजे तुझं पुन्हा ऐकव, माझं ऐक नव्हे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत राजासमोर मराठी नाटकाचा, 'सीतास्वयंवर'चा, पहिला प्रयोग केला, तेव्हा काका तिथे असते तर राजाला सीतेचं लग्न कोणाशी होणार ते आधीच कळलं असतं. (आणि हो, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी लोक गप्प बसून बघत होते.)

असो. सल्ल्यांकडे वळतो.

मोबाईलविषयी मी काय सांगणार? बंद करण्याची विनंती निवेदनात करतात, आणि निवेदनाच्या वेळी तुम्ही पार्किंगमध्ये जागा शोधत असता. त्यामुळे ती तुम्हाला लागू नाही. वाजला तर खिशात वाजू द्या, पर्समध्ये असेल तर सगळे कप्पे तपासत बसा. उचलल्यावर "नाटकात आहे" असं सांगा आणि मग, हे फार महत्त्वाचं, "नाही नाही, बोल ना" म्हणा. 2019 मध्ये अभिनेते सुबोध भाव्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की प्रयोगात असेच मोबाईल वाजत राहिले तर नाटकात काम न करणंच बरं. आपण सगळ्यांनी ते हळहळून एकमेकांना पाठवलं. काहींनी प्रयोग चालू असतानाच पाठवलं असणार.

जॅमर बसवा, असं अधूनमधून कोणीतरी सुचवतं. बसवा. काकांना कुठून बसवणार?

फोटो काढायचा असेल तर ब्लॅकआऊटमध्ये काढा. फ्लॅश चांगला उठतो, आणि अंधारात खुर्च्या हलवणारे बॅकस्टेजचे लोक फुकटात प्रसिद्ध होतात.

पुढचा सल्ला मी लिहून ठेवला होता, पासावर आलेल्या मंडळींनी पहिल्या रांगेत बसून मध्यंतरात कसं गायब व्हावं याबद्दल. तो राहू द्या. कंटाळा आला मला या थट्टेचा.

अहो, नट तुम्हाला ऐकतात. एवढं साधं कसं कळत नाही? सिनेमा तुमच्या बडबडीने बदलत नाही, टीव्हीवरच्या माणसाला तुमचा फोन ऐकू येत नाही. रंगमंचावरच्याला येतो. त्याच्या डोळ्यांवर दिवे असतात म्हणून तुमचे चेहरे दिसत नाहीत, पण अंधारात मोबाईल पेटवलात की नेमका तुमचाच चेहरा दिसतो, निळा, खाली मान घातलेला. आणि तो माणूस समोर जीव तोडून रडत असतो. वाक्य विसरला तर तुम्हीच बाहेर येऊन म्हणणार, "पाठांतर नाही आजकालच्यांचं."

उशिराचं तर मला काही सांगूच नका. ठाण्यात, त्याच घोडबंदर रोडवर, मालिकांची शूटिंगं चालतात. त्यातला नट दिवसभर तिथे उभा राहून, त्याच ट्रॅफिकमधून येऊन, तोंडाला रंग लावून साडेआठला विंगेत उभा असतो. कधी तर दुपारचा प्रयोग पार्ल्याला करून येतो. त्याच्यासोबतचा सेट टेम्पोतून उतरवून, उभा करून, दिवे लावून झालेले असतात. ती मंडळी पोचतात आणि तुम्ही पोचत नाही? तुम्हाला फक्त येऊन बसायचं असतं!

गडकरी रंगायतन दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा कोण रडत होतं? आपणच ना? ठाणेकर नाटकाला मुकला, 1978 पासूनची आपली वास्तू, तलावपाळीची शोभा, ठाणं म्हणजे नाटकवेड्यांचं गाव. वाशीकरांचंही विष्णुदास भावे नाट्यगृहाबद्दल हेच. नाट्यगृहातल्या खुर्च्या मोडल्या, एसी चालत नाही, स्वच्छतागृहं घाण आहेत म्हणून आपण महापालिकेला शिव्या देतो, आणि बरोबर देतो. पण दुरुस्त केलेल्या खुर्चीत बसून गप्प राहणं हे काही महापालिकेचं काम नाही. त्याला निविदा निघत नाही. ते तुम्ही करायचं.

तिकीट काढलं म्हणून काय झालं? तिकीट त्यांनी बोललेलं ऐकण्याचं आहे. तुमच्या शेजारच्याने, पुढच्याने, मागच्यानेही तेच काढलंय. तुम्हाला मूळ संच इतका प्रिय आहे तर त्याच्या आठवणी घरी काढा, चहा पीत काढा, मी स्वतः ऐकायला येईन. खरंच येईन, कारण काकांनी जे पाहिलं ते मला कधीच पाहता येणार नाही. पण ते मध्यंतरात सांगा ना! वड्याच्या रांगेत तेवढा वेळ भरपूर असतो.

मुलाला झोप आली तर बाहेर न्या. खोकला असेल तर खिशात गोळ्या ठेवा, त्याही चांदीत गुंडाळलेल्या नकोत. फोन बंद करा, सायलेंट म्हणजे बंद नव्हे, तुमच्या मांडीवरचा तो उजेड मागच्या दहा जणांच्या डोळ्यांत जातो. उशीर झाला असेल तर डोअरकीपर थांबवेल तिथे थांबा, त्याच्याशी भांडू नका, ब्लॅकआऊट झाला की कडेने आत या आणि पहिली रिकामी दिसेल त्या खुर्चीत बसा. स्वतःची खुर्ची मध्यंतरात शोधा.

आणि शेवटी सगळे नट हात जोडून ओळीत उभे असतात, तेव्हा उठून चालू लागू नका. त्या रात्री आई झालेली ती नटी नमस्कार करत होती आणि समोर निम्म्या खुर्च्यांपाशी लोकांच्या पाठी होत्या, कारण पार्किंगमधून आधी गाडी काढायची होती. गाडी कुठे जात नाही. बाहेर पडायला जेवढी रांग लागायची तेवढी लागणारच आहे. बसा खाली आणि टाळ्या वाजवा.