लबकमध्ये कुणीही पाच हजार यार्ड फेकत नाही

२२ ऑक्टोबर २०१६ च्या कॉलेज अमेरिकन फुटबॉल सामन्याची क्लिप दर सुपर बोलच्या (एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या) आधी न चुकता फिरते. टेक्सास टेक विरुद्ध ओक्लाहोमा, स्थळ टेक्सासमधलं लबक, म्हणजे टेकचं गाव, आणि टेकचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्स याचे एका सामन्यात ७३४ पासिंग यार्ड, म्हणजे झेलल्या गेलेल्या पासांतून मिळालेलं अंतर. क्लिपच्या मागोमाग एक ठरलेला मजकूरही येतो. डॅलस-ह्यूस्टनकडच्या आपल्या मराठी मंडळींकडून तो माझ्यापर्यंत इतक्या वेळा आला आहे, की आता तोंडपाठ झालाय. त्याचा गोषवारा असा: "टेक्सास टेकचे पासिंगचे विक्रम ही सगळी सिस्टीमची करामत आहे. त्या जागी कुणालाही उभं करा, पाच हजार यार्ड होणारच. सगळे आखूड, सोपे पास. म्हणूनच तिथला एकही क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये चालला नाही, महोम्स तेवढा अपवाद. आणि एवढं फेकूनही टीम हरतेच."

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतका पसरतो. पण एकेक वाक्य उचलून आकड्यांसमोर ठेवलं की बरंचसं गळून पडतं.

आधी सिस्टीम म्हणजे काय ते सांगतो. माइक लीच २००० साली लबकला मुख्य प्रशिक्षक म्हणून आला आणि दहा मोसम राहिला. हॅल मम्मीसोबत आधी छोट्या कॉलेजांत आणि मग केंटकीत घडवलेली 'एअर रेड' पद्धत त्याने सोबत आणली. मैदानभर पसरलेले, पास झेलणारे चार रिसीव्हर, एकमेकांपासून चांगलं अंतर ठेवून उभी राहिलेली ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला राखणारी फळी), दोन प्लेंच्या (आखलेल्या चालींच्या) मधे घोळका करून वेळ घालवणं नाही, आणि धावण्यापेक्षा पासवर भर. प्लेंची यादी मात्र अगदी आखूड. त्याच मोजक्या प्ले सरावात इतक्या घोटायच्या की डोळे मिटूनही जमाव्यात.

आता पहिला मुद्दा, 'कुणालाही उभं करा' हा. यासाठी लीचच्या काळातले ओळीने चार क्वार्टरबॅक घेऊ. २००२ मध्ये क्लिफ किंग्सबरीने ५,०१७ यार्ड फेकले. पुढच्या वर्षी बी. जे. सायमन्सने ५,८३३, जो तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. २००४ मध्ये सनी कम्बीने ४,७४२ आणि २००५ मध्ये कोडी हॉजेसने ४,२३८. मजकूर लिहिणारे इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, चार वर्षांत चार वेगळी पोरं आणि आकडे सगळेच मोठे. पण सामने मोजा की. २००२ ला टेक १४ सामने खेळलं, २००३ ला १३, पुढच्या दोन्ही वर्षी १२. दर सामन्याचा हिशेब केला तर किंग्सबरी ३५८, सायमन्स ४४९, कम्बी ३९५, हॉजेस ३५३. प्रशिक्षक तोच, प्लेंची यादी तीच, मैदानही तेच, तरी सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसात दर सामन्याला जवळपास शंभर यार्डांचा फरक. पाटा खेळपट्टीवर सगळ्यांच्या धावा वाढतात हे खरं, पण म्हणून सगळेच त्रिशतक ठोकत नाहीत.

शिवाय हे 'कुणीही' नेमके कोण होते? सायमन्स, कम्बी आणि हॉजेस हे तिघेही पाचव्या, म्हणजे शेवटच्या वर्षाचे सीनियर. आधीची वर्षं त्यांनी बाकावर बसून त्याच प्ले घोटल्या, आणि शेवटी एकेक मोसम पदरात पडला. कम्बी तर शिष्यवृत्तीशिवाय आलेला वॉक-ऑन. चार वर्षं तालीम केलेल्या माणसाला 'कुणीही' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

याहून पक्का पुरावा लबकच्या बाहेर आहे. २०२० मध्ये लीच मिसिसिपी स्टेटला गेला. पहिल्याच सामन्यात, गतविजेत्या लुइझियाना स्टेटविरुद्ध (एलएसयू), के. जे. कॉस्टेलोने ६२३ यार्ड फेकले. एसईसी या कॉलेजांच्या गटातला तो विक्रम. लोकांनी लगेच तोच मजकूर फिरवला: आणखी एक 'कुणीही'. पुढच्या सामन्यात आर्कान्सॉने बचावाचे बरेच खेळाडू मागे ठेवले, जागाच दिली नाही, आणि कॉस्टेलोची तीन इंटरसेप्शन झाली, म्हणजे पास बचावानेच झेलले. त्यानंतर केंटकीविरुद्ध त्याची चार झाली आणि मिसिसिपी स्टेट २४-२ असं हरलं. दोन! तेही सेफ्टीचे, म्हणजे समोरच्या संघाचा चेंडू त्यांच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) वाया गेल्याने मिळालेले; ऑफेन्सचा (हल्ल्याचा) एकही नाही. थोड्याच दिवसांत कॉस्टेलोची जागा गेली आणि ती विल रॉजर्स नावाच्या नव्या पोराला मिळाली. सिस्टीम आपोआप यार्ड छापत असती, तर छपाई दुसऱ्याच आठवड्यात बंद का पडली?

या दाव्याच्या बाजूने सर्वांत जड पुरावा कोणता, तर बेली झॅपी. मजकूर फिरवणारे त्याचं नाव सहसा घेत नाहीत, म्हणून मीच घेतो. ह्यूस्टन बॅप्टिस्ट या लहानशा कॉलेजातून तो २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीला आला, आपला प्रशिक्षक झॅक किटलीसोबत, आणि त्या एका मोसमात ५,९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन (चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये पोचवणं). सायमन्सचा १८ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. किटली लबकमध्येच, पुढे टेकचा मुख्य प्रशिक्षक झालेल्या किंग्सबरीच्या हाताखाली शिकलेला. म्हणजे सिस्टीमचा हात आहेच, कोण नाही म्हणतंय? पण गोष्ट पुढेही आहे. तोच किटली २०२२ ला टेक्सास टेकला ऑफेन्स सांभाळायला परतला आणि २०२४ पर्यंत राहिला. त्या तीन मोसमांत लबकमध्ये कुणीही पाच हजारांच्या आसपाससुद्धा फिरकलं नाही.

'आखूड, सोपे पास' हा दुसरा मुद्दा. इथे एकूण यार्ड बाजूला ठेवून दर पासमागचे यार्ड बघायला हवेत. किंग्सबरीने ७१२ पास फेकले, म्हणजे पासमागे ७ यार्ड. सायमन्सने ७१९, म्हणजे ८.१. टेकच्याच ग्रॅहम हॅरेलने २००८ मध्ये ६२६ पासांत ५,१११ यार्ड केले, ८.२. महोम्सने २०१६ च्या अख्ख्या मोसमात ५९१ पासांत ५,०५२ यार्ड, ८.५. फेकलेल्या पासांची संख्या बघितली की एकूण आकडा का फुगतो ते कळतंच. जो बरोने २०१९ मध्ये एलएसयूसाठी फक्त ५२७ पासांत ५,६७१ यार्ड काढले, पासमागे १०.८, त्याच्यापुढे हे आकडे फिके आहेत यात वाद नाही. तेव्हा कुणी म्हणालं की "टेकचा एकूण आकडा बघून भारावून जाऊ नका", तर मी लगेच मान डोलावेन. पण किंग्सबरीचे ७ आणि सायमन्सचे ८.१ हे एकाच सिस्टीममधले, लागोपाठच्या दोन वर्षांतले आकडे आहेत. हा एक यार्डाचा फरक सिस्टीमने पाडला म्हणायचं का?

'सोपे' या शब्दाचाही हिशेब लागला पाहिजे. प्लेंची यादी आखूड असते कारण खरा निर्णय चेंडू हातात येण्याच्या क्षणी घ्यायचा असतो. क्वार्टरबॅकने लाइनवर उभं राहून बचावाची मांडणी वाचायची, मैदानाबाहेरून आलेली प्ले पटली नाही तर जागेवर बदलायची, आणि रिसीव्हरनेही तीच मांडणी बघून धावता धावता आपला मार्ग वळवायचा. दोघांचं वाचन जुळलं नाही तर चेंडू थेट बचावाच्या हातात. कॉस्टेलोचं हेच झालं.

विक्रमांबद्दल तक्रारच करायची असेल, तर एक चांगली तक्रार उपलब्ध आहे आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. २००२ च्या आधी एनसीएए (कॉलेज खेळांची नियामक संस्था) बोल सामन्यांचे, म्हणजे मोसमाअखेरच्या खास सामन्यांचे आकडे खेळाडूच्या खात्यात धरतच नव्हती. सायमन्सच्या आधीचा विक्रम ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या टाय डेटमरचा, १९९० मधले ५,१८८ यार्ड, तेही बोल सामना न धरता. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या डेव्हिड क्लिंगलरने ११ सामन्यांत ५,१४० केले, म्हणजे सामन्यामागे ४६७. हे लबकच्या सायमन्सपेक्षाही जास्त आहे, आणि ती 'रन अँड शूट' नावाची वेगळीच पद्धत होती.

एनएफएलचा मुद्दा लवकर निपटतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, किंग्सबरी सहाव्या फेरीत गेला, सायमन्स सातव्या, हॅरेलला तर कुणी निवडलंच नाही. तिघांपैकी कुणाचं व्यावसायिक खेळाडू म्हणून काही झालं नाही, हे मान्य. पण बेकर मेफिल्डने २०१३ मध्ये टेककडूनच वॉक-ऑन म्हणून पहिला सामना सुरू केला होता. मग तो ओक्लाहोमाला गेला, तिथे लीचचाच चेला लिंकन रायली त्याला लाभला, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. रायलीच्याच हाताखालचा कायलर मरी २०१९ ला पहिला. २०१६ चा पहिला जेरेड गॉफ. कॅलिफोर्नियात त्याचा मुख्य प्रशिक्षक सनी डाइक्स होता, जो लीचकडे लबकमध्येच काम करून गेलेला. चार ड्राफ्टांपैकी तीनमध्ये पहिली निवड याच घराण्यातली. केस कीनम याच पद्धतीत ह्यूस्टनला १९,२१७ यार्डांचा कारकिर्दीचा विक्रम करून आला तरी २०१२ मध्ये कुणी निवडला नाही, आणि २०१७ ला तो मिनेसोटा व्हायकिंग्जला एनएफसीच्या (एनएफएलच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. 'एक अपवाद' म्हणायला ही यादी जरा लांबच आहे.

राहिला 'टीम हरतेच' हा मुद्दा. क्लिपमधला सामना टेकने ६६-५९ असा गमावला हे खरं. दोन्ही संघांनी बरोब्बर ८५४-८५४ यार्ड केले. समोरच्या बाजूला क्वार्टरबॅक होता मेफिल्ड, ५४५ यार्ड आणि सात टचडाउन. ८८ पास फेकून, शिवाय ८५ यार्ड धावून महोम्सने आणखी काय करायला हवं होतं, बचावातही उभं राहायचं? त्या मोसमात टेकचं रडगाणं बचावाचं होतं, टीम ५-७ वर संपली. लीचच्या दहा वर्षांचा हिशेब मात्र ८४ विजय आणि ४३ पराभव असा आहे, आणि दहाही वर्षं बोल सामना.

१ नोव्हेंबर २००८ घ्या. पहिल्या क्रमांकावरचं टेक्सास लबकमध्ये आलं. दीड मिनिट उरलेलं असताना त्यांनी ३३-३२ अशी आघाडी घेतली. हॅरेलने आखूड पास टाकत चेंडू पुढे नेला. एक पास रिसीव्हरच्या हाताला लागून उडाला आणि टेक्सासच्या मागच्या बचावपटूच्या हातात आला, आणि सुटला. तो झेल झाला असता तर सामना तिथेच संपला होता. आठ सेकंद उरलेले, २८ यार्डांची रेषा. मैदानी गोल मारायचं अंतर आटोक्यात होतं, तरी हॅरेलने उजव्या कडेला मायकल क्रॅबट्रीकडे खांद्यामागे पडणारा पास टाकला. क्रॅबट्रीने तो कडेलगत पकडला, अंगावर आलेल्याला झटकलं, आणि घड्याळात एक सेकंद असताना एंड झोनमध्ये शिरला. ३९-३३.

तीन आठवड्यांनी हाच हॅरेल, हीच सिस्टीम आणि हाच क्रॅबट्री ओक्लाहोमाला गेले आणि ६५-२१ असे सडकून मार खाऊन आले. मोसम ११-२ असा संपला.