उणे अठराची भानगड

जानेवारीत आमच्या अमळनेरच्या घरामागची भरताची वांगी अशी लागली की मी पिशवी घेऊन निघालो, की गल्लीतली दारं लागू लागली. ज्यांनी लावली नाहीत, त्यांनी त्यांच्याकडची वांगी माझ्या पिशवीत भरली. त्यात वाटाणाही आला, वालाच्या शेंगाही आल्या. मी जाहीर केलं, यंदा सगळं फ्रीझरमध्ये.

"भाजी आजनी आज खावानी ऱ्हास, बापू," आई म्हणाली.

मी आईला शास्त्र समजावलं. भाजी तोडली तरी तिच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, थांबत नाहीत. निवृत्त माणसासारखी त्यांची लुडबुड चालूच राहते, अगदी फ्रीझरमध्येसुद्धा, आणि रंग-चव घालवते. म्हणून वाटाणा दीड मिनिट आणि शेंगा तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकायच्या, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करायच्या, कोरड्या करायच्या आणि मग उणे १८ अंशांत ठेवायच्या. आई तोवर देवाला फुलं वाहायला निघून गेली होती.

अडलं ते बर्फापाशी. दोन ट्रेमधला बर्फ पहिल्याच घाण्याला संपला. नवा बर्फ करायचा तर फ्रीझर रिकामा हवा, आणि तो तर मला भरायचा होता. शेवटी स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याकडे लादीचा तुकडा मागितला.

"किती जणांचा रस?"

"रस नाही हो, वाटाणे गार करायचेत."

त्यानं बर्फ दिला, पण पैसे आधी मोजून घेतले.

गोठताना दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते आधी ताटात पसरून ठेवायचे असतात. आमचं एकही ताट फ्रीझरमध्ये मावेना. तिरकं करून सरकवलं तेव्हा निम्मे वाटाणे फ्रीजखाली गेले. ते अजून सापडताहेत. उत्साहाच्या भरात काकडीही कोंबली. काकडीत मुळात पाणीच. त्याचा बर्फ झाला की तो पेशी फोडतो आणि बाहेर काढल्यावर हातात ओलं फडकं येतं. वांगी मात्र कपाशीच्या काड्यांवर भाजून, सोलून, गर करून ठेवली. ती शहाण्यासारखी राहिली, हे कबूल.

पिशव्यांवरची शाई आठवड्यात पुसली. मार्चमध्ये साडू आले तेव्हा बायकोनं शेवभाजीसाठी गोठवलेलं काळं वाटण म्हणून जे फोडणीला टाकलं, ते भरीत होतं. साडूंनी शेव वेगळी मागून खाल्ली.

मग मे उजाडला. पारा ४४ वर आणि सकाळी आठलाच लाईट गेली. भरलेला फ्रीझर दार उघडलं नाही तर दिवसभर तग धरतो, हे मला ठाऊक होतं. धरतोय का, हे मी दर अर्ध्या तासानं दार उघडून बघत होतो. दुपारपर्यंत स्वयंपाकघरात ओघळ आले.

आई गच्चीवर होती. धोतरावर कुरडया पसरलेल्या, शेजारी गवारीचा डबा उघडा. मागच्या सालची ती वाळवलेली गवार बिचारी लाईटची वाट न बघता खडखडीत बसली होती.

मी पिशव्या घेऊन जिन्यात उभा राहिलो. आईनं वर न बघता धोतराचा एक कोपरा मोकळा केला.

"तुन्हा वाटाणा आठे लई ये. उन्ह कडक शे."