शेठना चेहरा आठवायला हवा होता

सिनेमात दारू उतरली की नशेतली आठवण जाते आणि पुन्हा प्यायलं की परत येते, ही निव्वळ फिल्मी थाप असल्याचं एका लेखात म्हटलंय. तितकं सरसकट नाही. 'सिटी लाइट्स'मधला (१९३१) कोट्यधीश बघा. झिंगला की जीव वाचवणाऱ्या चॅप्लिनच्या गळ्यात पडतो, शुद्धीवर आला की ओळखही देत नाही. १९६९ मध्ये गुडविन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात नशेत शिकलेलं काही काही पुन्हा नशेतच जास्त आठवलं. गोम अशी, की फरक पडला तो मनानं आठवून सांगण्यात. दाखवलेलं ओळखण्यात फारसा नाही. म्हणजे सिनेमातले ते कोट्यधीश शेठ रात्रीच्या गप्पा विसरले तर चालेल, पण समोर उभा चेहरा? तोही त्या मिशीसकट? (अति प्यायल्यावर डोकं कोरं होणं ही निराळी भानगड. तिथे आठवण मुळात साठतच नाही, पुन्हा पिऊन काय परत येणार!)