घरच्या आणि बाहेरच्या कमांड

संगणक बंद करायचा म्हणजे पडद्याचे बटण दाबायचे, असे आजही मानणाऱ्या माणसाने माझी लिनक्समधील चूक शोधून काढावी, ही गोष्ट चार दिवस उलटले तरी मला पचलेली नाही. हा माणूस माझा मेहुणा आहे, त्यामुळे ती पुढेही पचण्याची शक्यता कमीच.

मी एक छोटी स्क्रिप्ट (कमांडची यादी असलेली फाइल) लिहिली, तिचे नाव 'टेस्ट' ठेवले, तिला चालवण्याची परवानगी देऊन होममधल्या, स्वतःचे प्रोग्रॅम ठेवायच्या 'बिन' फोल्डरमध्ये टाकली आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, 'टेस्ट' अशी कमांड दिली. टर्मिनलने ना उत्तर दिले, ना एरर. फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्या यादीत, नसणार, असे ठरवून मी डॉट बॅशआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये (ती नवी विंडो उघडताना वाचली जाते) पाथची नवी ओळ लिहिली आणि तिच्या शेवटी कोलन देऊन जुना पाथ जोडायला विसरलो. (फोल्डर पाथमध्ये नसते, तर 'कमांड नॉट फाउंड' असे स्पष्ट उत्तर आले असते, हे शहाणपण आता सुचते आहे.) नवी विंडो उघडली, तर फाइलींची यादी दाखवणारी एलएस नाही, फाइल लिहायचा नॅनो नाही, प्रशासकाचे अधिकार देणारी सुडोसुद्धा नाही.

खुर्चीमागून आवाज आला, "दाजी, एलएस डिलीट झाली का हो?"

"डिलीट कशाला होईल? ती जागेवरच आहे. शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम, पाथमधली फोल्डरं डावीकडून उजवीकडे धुंडाळतो आणि पहिली सापडेल ती कमांड चालवतो. मी ती यादीच पुसली."

"मग आत्ता सीडी कशी चालली?"

"फोल्डर बदलणारी सीडी शेलच्या आतच असते. मजकूर छापणारी इकोसुद्धा. त्यांना शोधावं लागत नाही."

"म्हणजे सीडी घरची आणि एलएस बाहेरून बोलावलेली," असे म्हणून त्याने खुर्ची ओढली आणि तो मुक्कामाला आल्यासारखा शेजारी बसला. उपमा बरोबर होती, म्हणूनच मी काही बोललो नाही.

पाथची ही व्यवस्था १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतील बॉर्न शेलपासून चालत आली आहे. एक फोटो पुसताना दोनदा 'नक्की ना?' विचारणाऱ्या या जगात, सगळ्या कमांड एका ओळीत बेघर करणाऱ्या माणसाला एकदाही हटकावेसे इतक्या वर्षांत कुणालाच वाटू नये, याचा मला खरोखर राग आहे.

नॅनोचा पूर्ण पत्ता टाइप करून मी ती ओळ सुधारली आणि फाइल सोर्स केली, म्हणजे त्याच विंडोत पुन्हा वाचायला लावली. काहीही बदलले नाही, कारण त्या विंडोपुरता 'जुना पाथ' म्हणजे माझा बिघडवलेला पाथच होता. नवी विंडो उघडल्यावर एलएस परतली. टेस्ट मात्र अजूनही मुकीच. कमांडची फाइल कुठे आहे ते सांगणाऱ्या विच कमांडला विचारले, तर तिने ठामपणे माझ्याच फाइलचा पत्ता दाखवला.

मेहुणा बराच वेळ पडद्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "दाजी, टेस्ट नावाचं घरचं कुणी नाही ना?"

मी हसलो आणि त्याची समजूत घालण्यासाठी, एखादे नाव नेमके कशाचे आहे ते सांगणारी टाइप कमांड चालवली. टेस्ट ही शेलचीच अंगभूत कमांड असल्याचे उत्तर आले. म्हणजे शेल माझ्या फाइलपर्यंत पोहोचतच नव्हता. अट खरी की खोटी हे तपासणे हे तिचे काम; तिला काही दिले नाही, तर ती गुपचूप 'खोटे' असा निकाल देऊन मोकळी होते. आणि विच बिचारी बाहेरचीच असल्यामुळे घरात कोण आहे हे तिला ठाऊकच नसते. पाथला मुळात हात लावण्याचीच गरज नव्हती.

स्क्रिप्टचे नाव मी बदलले आहे. मेहुणा रोज फोन करतो आणि 'घरचे सगळे सापडतात ना?' एवढेच विचारून ठेवतो.