फिनिक्स कडक, टूसॉन ढिलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या पावसाच्या पाण्याच्या नियमांवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा : फिनिक्स 100 वर्षांतून एकदा येणारा पाऊस आवारातच खड्डा करून अडवायला लावतं, टूसॉन मात्र झाडांपुरतं पाणी वळवलं की समाधानी. म्हणजे फिनिक्सचा नियम उघडच कडक, आणि लेखात टूसॉनचं उगाच कौतुक.

आधी त्या 100 बद्दल. किती तासांचा पाऊस, हे पाहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. फिनिक्सचा नियम 2 तासांच्या पावसाचा आहे, सुमारे 2.2 इंच, म्हणजे 56 मि.मी. शेजारचं गिल्बर्ट 50 वर्षांतून एकदाचाच पाऊस धरतं, पण 24 तासांचा. तो 3 इंचांच्या आसपास जातो. खड्डा मोठा लागतो तो 50 वाल्या गावात!

आता फिनिक्समधला 4,000 चौ.मी.चा, जवळपास पूर्ण फरसबंद प्लॉट घ्या. वाहून येणाऱ्या पाण्याचा गुणांक 0.9 धरला, म्हणजे पडलेल्या पावसापैकी 90 टक्के वाहून येतो असं मानलं, तर 4,000 × 0.056 × 0.9, म्हणजे साधारण 200 घनमीटर पाणी. एवढा खड्डा खणणं सोपं असतं, घोडं अडतं ते पुढे. खड्डा 36 तासांत रिकामा व्हायला हवा, कारण पावसाळ्यात पुढची सर लगेच येऊ शकते आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. जमिनीखाली कॅलिची, म्हणजे चुन्याने घट्ट झालेला थर लागला की पाणी मुरतच नाही. मग ड्रायवेल, म्हणजे खोल शोषखड्डा घ्यावा लागतो. एका ड्रायवेलचा वेग हिशेबात 0.1 घनफूट प्रति सेकंद धरला तर 36 तासांत सुमारे 367 घनमीटर पाणी जातं. एक पुरेल असं वाटतं. पण गाळाने वेग निम्मा होईल असं गृहीत धरलं, आणि ते धरायलाच हवं, की उरतात 184. म्हणजे दोन लागतात. शिवाय मुरण्याची चाचणी खड्ड्याच्या नियोजित तळाच्या पातळीवर करायची असते. वरच्या मोकळ्या मातीत केली तर आकडे छान येतात आणि खड्डा तुंबतो.

टूसॉनचा 2008 साली मंजूर झालेला आणि 2010 पासून लागू असलेला नियम वेगळाच प्रश्न विचारतो : नव्या व्यावसायिक आवारातल्या झाडांच्या गरजेपैकी निम्मं पाणी पावसातून येतं का? तिथे वर्षाला साधारण 11 इंच पाऊस. 1,000 चौ.मी. पार्किंगवरून, वाया जाणारं वगळूनही, वर्षाला 230 घनमीटरच्या आसपास पाणी मिळतं. देशी झाडांच्या वाफ्यांना ते बरंच झालं. अट एकच, वाफा फरसबंदीपेक्षा खाली हवा. चारही बाजूंनी कर्ब, म्हणजे फरसबंदीच्या कडेचा उंच कठडा, बांधून उंच केलेला वाफा नकाशावर हिरवा दिसतो आणि पाणी त्याच्या कडेने गटाराला जातं. कर्बला खाच पाडली तरी आतली माती खाचेपेक्षा किमान 5 सें.मी. खाली हवी. नाहीतर पहिल्या काही पावसांतच गाळ तोंडाशी साचतो आणि खाच बंद पडते. लाकडाचा भुसा टाकला तर तो तरंगून तोंडाशी येतो, म्हणून प्रवेशापाशी दगडच घालावेत.

हा नियम पुराला आवर घालत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण ते त्याचं कामही नाही. टूसॉनमध्ये पुराचे नियम वेगळे आहेत आणि तेही पाळावेच लागतात. म्हणून त्या अर्ध्या पाण्याच्या अटीला फिनिक्सच्या खड्ड्याशेजारी ठेवून कडक कोण हे ठरवता येत नाही. तुलना करायचीच तर टूसॉनच्या पूर-नियमांशी करा. किंवा फिनिक्सच्या खड्ड्यातल्या त्या 200 घनमीटरपैकी झाडांच्या मुळांशी किती पोहोचतं ते पाहा. सगळं ड्रायवेलमध्ये गेलं तर शून्य.

देखभालीबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. बांधकाम हाती सोपवून झालं की ड्रायवेलची गाळकुंडी उपसायची कोणी, हे दोन्ही शहरांत मालकावरच येतं, आणि मालकाला ते पहिल्यांदा खड्डा तुंबल्यावरच कळतं.