ती बुरशी नाही, लव आहे: एक तारा देणाऱ्या ग्राहकास उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू वाचला. खरं तर चार वेळा वाचला. आमच्या पांढऱ्या चहाचं पार्सल सांगितल्यापेक्षा तीन दिवस उशिरा आलं, डबा एका बाजूने चेपलेला होता आणि चहा कसा करायचा त्याचं कार्ड आत नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्याबद्दल मनापासून माफी मागते. कार्ड माझ्याच हातून राहिलं, ते कुरियरवाल्यावर ढकलत नाही.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, "रंग नाही, चव नाही, नुसतं गरम पाणी. वर पांढरी बुरशी. जुना माल खपवतात." रंग आणि चवीचं मी समजू शकते. ‘बुरशी’ मात्र घशाखाली उतरत नाहीये. आमचं दुकान म्हणजे मी आणि माझा नवरा, तिसरं माणूस नाही. खाण्यापिण्याच्या धंद्यात असा शब्द एकदा चिकटला की घासूनही निघत नाही. कालपासून दोन जुन्या ग्राहकांनी फोन करून विचारलं, "काय हो, माल ठीक आहे ना?" म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

तुम्ही टाकलेला दुसराच फोटो मोठा करून बघा. कोंबावर जे पांढरं दिसतंय ते केस आहेत. तान्ह्या बाळाच्या कानाच्या पाळीवर असते ना, तशी लव. सगळे केस एकाच दिशेने, देठाकडून टोकाकडे निजलेले आहेत. चहाच्या कोवळ्या कोंबावर आणि नुकत्या उमललेल्या पानाच्या खालच्या बाजूला ही लव असते; पान जून झालं की झडून जाते. म्हणजे लव जितकी दाट, तितका कोंब कोवळा खुडलेला. पांढऱ्या चहाचं ‘पांढरा’ हे नावच तिच्यावरून पडलंय. चिनी भाषेत तिला ‘बाय हाओ’ म्हणतात, म्हणजे पांढरे केस, आणि डब्यांवर ‘पेको’ लिहिलेलं असतं ते याच शब्दाचं बदललेलं रूप. ज्याच्यावरून चहाच्या प्रती ठरत आल्या, त्याला तुम्ही बुरशी म्हणालात.

बुरशी कशी असते तेही सांगते, कारण ती कुठल्याही चहाला लागू शकते आणि ग्राहकाने बघायलाच हवं. ती कोळिष्टकासारखी एका पानावरून दुसऱ्या पानावर पसरते, तिला कोंबाच्या आकाराशी देणंघेणं नसतं. कुठे ठिपका, कुठे गठ्ठा. कुबट वास येतो आणि पान मऊ पडतं, कारण ओल असल्याशिवाय ती धरतच नाही. तुमचा रिव्ह्यू आला त्या रात्री आम्ही तुमच्याच लॉटमधलं शिल्लक पाकीट फोडलं आणि टेबललॅम्पखाली पांढऱ्या कागदावर ओतलं. नवऱ्याने भिंग घेतलं. मी एक कोंब चिमटीत धरून वाकवला, तर कट्‌ करून तुटला. बोटाला चंदेरी भुकटी लागली, फुलपाखराच्या पंखाची लागते तशी. वास वाळल्या गवताचा, थोडा मधाचा. असे वीसेक कोंब तोडले, सगळे कडक. एवढी नासाडी आम्ही एरवी करत नाही.

आता ‘नुसतं गरम पाणी’. तुम्ही लिहिलंय की एका कपाला एक चमचा टाकला आणि दीड मिनिटात गाळला. रोजच्या दाणेदार चहाचा हिशोब तो. त्या चहाची पानं यंत्रात चिरडून, फाडून, वळवून काढलेली असतात. सीटीसी म्हणजे तेच, आसाममध्ये १९३० साली निघालेली पद्धत. पानाच्या पेशी आधीच फुटलेल्या, रसाला हवा लागून तो काळपट झालेला. असल्या चहाला पाणी लागायचा अवकाश, रंग उतरतो. पांढऱ्या चहाला कुणी वळत नाही, भाजत नाही, वाफवत नाही. खुडायचा, पातळ पसरून एक ते तीन दिवस सुकू द्यायचा आणि मग पूर्ण वाळवायचा, एवढंच. पान अख्खं राहतं, त्यामुळे पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. रंगही गर्द येत नाही. आला तर फिकट पिवळा, फार तर वाळल्या गवतासारखा. कपात लाल-तपकिरी रंग शोधलात तर सापडणार नाही, आणि सापडला तर मीच घाबरेन.

शिवाय हा चहा हलका आणि फुगीर. चमचाभर घेतला तर जेमतेम एक ग्रॅम भरतो. लागतो अडीच ते तीन ग्रॅम, २०० मिलिलिटर पाण्याला. चमच्याने मोजूच नका. काटा नसेल तर तीन बोटांच्या दोन भरघोस चिमटी घ्या आणि जास्तीकडे चुका. पाणी उकळून दोन-चार मिनिटं थांबा, म्हणजे ८० ते ८५ अंशांवर येईल, आणि मग चार ते पाच मिनिटं झाकून ठेवा. मधे हलवत बसू नका. पहिला कप काढल्यावर तीच पानं टाकून देऊ नका, दुसऱ्यांदा सहा मिनिटं, तिसऱ्यांदा आठ. मला विचाराल तर दुसरा कपच खरा. पहिल्यात कोंब नुसता भिजून जागा होतो. दुसऱ्यात ती गोडसर, खरबुजाच्या गरासारखी चव येते आणि घोट घेतल्यावर बराच वेळ जिभेवर राहते. उन्हाळ्यात तर मी गरम करतच नाही. रात्री गार पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी गाळते.

तपमानाचा मात्र लोक उगाच बाऊ करतात. हा चहा दार्जिलिंगमधल्या ज्या बागेतून येतो ती साधारण १,९०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि बागेत आम्हाला चहा दिला तो सरळ उकळत्या किटलीतून ओतून. उत्तम होता. त्यामुळे तुमचं पाणी जरा जास्त गरम असेल तर तेवढ्याने चहा बिघडलेला नाही. बिघडलं ते दीड मिनिटाने आणि एका चमच्याने. हे तुम्हाला माहीत नसणं यात तुमचा दोष नाही, कार्ड आम्ही टाकलं नव्हतं. ते वर कबूल केलंच आहे.

नंतर तुम्ही तोच चहा दूध-साखर घालून पाच मिनिटं उकळलात आणि "तरीही काही नाही" असं लिहिलंत. हे वाचून नवरा उठून गॅलरीत गेला. दूध घालायला बंदी नाही, चहा तुमचा आहे. पण दुधाखाली यातलं काहीच वर येत नाही. मग आमचा चहा वाईट की दुधाखाली दबलेला, हे तुम्हीच ठरवा.

‘जुना माल’ याबद्दलही. थंडीत दार्जिलिंगची चहाची झुडपं निजलेली असतात, मार्चमध्ये पहिली पालवी फुटते. उंचावर गारवा असतो, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तपमान उतरतं, म्हणून कोंब सावकाश वाढतो आणि वास त्यात साठतो. हा लॉट याच मार्चचा आहे, डब्याच्या बुडाशी तारीख छापलेली आहे. चार-पाच किलो ओला पाला सुकवावा तेव्हा एक किलो चहा हाती येतो, आणि तोही हाताने, एकेक कोंब खुडून. गंमत म्हणजे ज्या चीनमधल्या फूच्येन प्रांतातून हा प्रकार आला, तिथे पांढरा चहा मुद्दाम वर्षानुवर्षं ठेवतात आणि जुना झाला की त्याचा भाव वाढतो. म्हणजे जुना विकायचा असता तर आम्ही तो लपवून नव्हे, मिरवून विकला असता!

आणखी एक, बोलू नये पण बोलते. तुम्ही आम्हाला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मेसेज केलात, रिव्ह्यू टाकलात १२ वाजून ५ मिनिटांनी. मी सकाळी आठला उत्तर दिलं तेव्हा एक तारा लागलेला होता. पंचवीस मिनिटं. एवढ्यात या चहाचे धड तीन कपही होत नाहीत. सकाळपर्यंत थांबला असतात तर हे सगळं मी तुम्हाला फोनवर सांगितलं असतं आणि चारचौघांत लिहायची वेळ आली नसती.

असो. कार्ड आता झाकणाच्या आतच चिकटवायचं ठरवतोय, म्हणजे विसरायचा प्रश्न नाही. पॅकिंगचं आणि कुरियरचंही बघतोच आहोत. लव म्हणजे काय हे डब्यावर लिहावं असं नवरा म्हणतो, जागा कुठे करायची ते बघू.

तुमच्या पत्त्यावर दहा ग्रॅमचं पाकीट कार्डासकट आजच निघतंय, त्याचे पैसे नाहीत. उघडलंत की आधी एक कोंब मोडून बघा, मग चहा करा. नाही आवडला तर तारा एकच राहू द्या, प्रत्येकाची जीभ वेगळी. फक्त ‘बुरशी’ हा शब्द तेवढा काढता आला तर बघा.

आपली,
दुकानाची मालकीण